गणित कच्चं, का वाचन कच्चं?

घटक चाचणीचे पेपर घरोघरी पोचले की माझ्या टपालाला पूर येतो. पंचगंगेसारखाच, ठरल्या वेळेला. यंदा सतरा पत्रं, फोनवरचे मेसेज वेगळेच. फिरून-फिरून बहुतेकांचा प्रश्न एकच: पोरगं हुशार आहे तर मार्क का पडत नाहीत? नाहीतर उलटा: मार्क पडत नाहीत, म्हणजे पोरगं हुशार नाही का? मी कोल्हापुरात एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं मराठीही शिकवलं, कारण मराठीच्या बाई निवृत्त झाल्या आणि ती जागा काही भरली गेली नाही. ही जोडी माझ्या गळ्यात अपघातानं पडली. पडली नसती तर खालची निम्मी उत्तरं मला देता आली नसती.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे, सेमी-इंग्रजीला. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या सराव पेपरांत बुद्धिमत्ता चाचणीत त्याला शंभरपैकी ७८-८० मिळायचे. आकृत्या, आरशातली प्रतिमा, संख्यामालिका पटापट सोडवतो. पण शाळेत गणितात वीसपैकी सात! वर्गशिक्षिका म्हणतात गणित कच्चं आहे, क्लास लावा. क्लास लावून चार महिने झाले. ह्यांचं म्हणणं, पोरगा हुशार आहे पण आळशी आहे. नेमकं काय समजायचं? – एक आई, फुलेवाडी

उत्तर : ताई, तुम्हाला फोन करून रविवारी दोघांना घरी बोलावलं होतं, ते आधी वाचकांना सांगते. मुलगा आमच्या सोप्यात पाटावर बसला. पुढ्यात चहा-खारी आणि तो लाल शाईचा पेपर. नुसत्या आकडेमोडीची चार उदाहरणं होती, चारही बरोबर; अपूर्णांकांची वजाबाकीसुद्धा. एका ठिकाणी संक्षिप्त रूप दिलं नाही म्हणून एक मार्क गेलेला. शाब्दिक उदाहरणंही चार. दोन चूक, दोन कोरी. म्हणजे सातच्या सात मार्क जिथं वाचायला काही नव्हतं तिथले.

चुकलेलं एक उदाहरण इंग्रजीत असं होतं: दुकानदाराकडं ४८ किलो गूळ, त्यातला थ्री-फोर्थ विकला, रिमेनिंग किती? यानं उत्तर लिहिलं होतं ३६. विकलेला गूळ बरोबर काढला आणि तिथंच थांबला. मी विचारलं, "रिमेनिंग म्हणजे काय रे?" मान हलवली. मग मी पुस्तकी मराठीत सांगितलं: तीन चतुर्थांश विकला, तर उर्वरित गूळ किती? पाटाच्या कडेला नख लावून खरवडत बसला. तिसऱ्यांदा म्हटलं, "गुळाचं चार वाटं केलं, तीन दिलं. मागं किती राहिला?"

"बारा किलो ऱ्हातोय की," तो म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच उशिरा कळतंय.

मग तोंडी एक घातलं. तुझ्याकडं १२ गोट्या आहेत. शेजारच्या पोरापेक्षा तुझ्याकडं ५ जास्त आहेत. तर त्याच्याकडं किती? उत्तर आलं, सतरा. का? तर "जास्त म्हटलं की अधिक करायचं, असं क्लासमध्ये सांगितलंय." ताई, तुमच्या चार महिन्यांच्या फीचा हिशेब या एका वाक्यात निघाला. वाक्य न वाचता त्यातला एक शब्द उचलायचा आणि चिन्ह ठरवायचं, ही युक्ती सोप्या उदाहरणांना चालते म्हणून मुलांच्या हाडीमाशी खिळते. 'जास्त' हा शब्द ऐकून मुलं बेरीज करतात, जिथं वजाबाकी हवी तिथंही करतात, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच नोंदवून ठेवलंय. आपले क्लासवाले अजून तीच युक्ती फळ्यावर लिहितात.

आता शिष्यवृत्तीच्या मार्कांकडं या. बुद्धिमत्ता चाचणीत ५० प्रश्न, १०० गुण. त्यातल्या आकृत्यांना भाषा फारशी लागत नाही. इंग्लंडमध्ये रेव्हन यांनी १९३८ मध्ये नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायची चाचणी काढली, तिचीच ही पिलावळ म्हणा. तुमच्या मुलाच्या सराव पेपरांत चुका कुठं आहेत तेही मी मोजलं. बहुतेक सगळ्या शब्दसंबंध, वाक्यावरून नातं ओळखा, 'अनुक्रमे' आणि 'वगळून' असले शब्द असलेल्या प्रश्नांत. म्हणजे त्याच्या दोन्ही मार्कांत भांडण नाहीच. दोन्ही पेपर एकच गोष्ट सांगतात: विचाराची गाडी पळते, शब्दांच्या रस्त्यावर आली की खडखडते. शाळेतलं जवळजवळ सगळंच त्या रस्त्यावरून जातं. विज्ञान, इतिहास, अगदी भूमितीचा प्रश्नसुद्धा. म्हणून शब्द वापरून घेतलेल्या चाचण्यांची शाळेच्या मार्कांशी गाठ आकृत्यांच्या चाचण्यांपेक्षा घट्ट बसते.

हे मी शहाणपणानं सांगतेय असं वाटेल. नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात गुऱ्हाळवाल्यांच्या घरचा एक मुलगा होता. 'दलाली व कमिशन' या धड्यावरच्या पेपरात त्याला पन्नासपैकी नऊ. प्रगतिपुस्तकात मी माझ्या हातानं लिहिलं, 'आकलन कमी'. जानेवारीत त्यांच्याच गुऱ्हाळावर आम्ही वर्ग घेऊन गेलो, रस प्यायला आणि काकवी खायला. चुलवाणाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. आदण उतरलं, गूळ वाफ्यात ओतला, आणि हे पोरगं काहिलीशेजारी उभं राहून गुळव्याला सांगतंय: तीस किलोचे सात रवे (ढेपा), दोनशे दहा किलो झाला, क्विंटलला चारशेचा भाव धरला तर आठशे चाळीस, शेकडा तीन अडत धरली तर पंचवीस रुपये वीस पैसे गेले, हमाली-तोलाई वेगळीच. अडत म्हणजेच कमिशन. धडा त्याला येत होता, धड्याचं नाव येत नव्हतं. परत येऊन मी प्रगतिपुस्तकातला तो शेरा खोडला नाही. शाईनं लिहिलेलं खोडायचं कसं, आणि हेडमास्तर काय म्हणतील, अशी भीती. ते अजून टोचतं.

तर करायचं काय? क्लास बंद करा. रोज एकच शाब्दिक उदाहरण घ्या. पहिल्यांदा वाचताना आकडे अंगठ्यानं झाकायचे आणि गोष्ट सांगायची: कुणाकडं काय होतं, काय झालं, काय विचारलंय. आकडे नसले की बेरीज-वजाबाकीकडं उडी मारताच येत नाही. मग चित्र, मग आकडे, आणि उत्तर आलं की पूर्ण वाक्यात. 'रिमेनिंग – उर्वरित – मागं राहिलेला' अशी तीन घरांची वही करा. इंग्रजी, पुस्तकी आणि आपलं, तिन्ही एका ओळीत. तुमच्या सासूबाई म्हशीचं दूध संस्थेत घालतात असं म्हणालात. दहा दिवसांचं बिल आलं की त्यातले लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर आणि कपात आजीला समजावून सांगायचं काम त्याचं. आजी उलटतपासणी घेईल. ती क्लासवाल्यापेक्षा कडक असणार.

आणि ह्यांना सांगा, आळशी पोरगं चार उदाहरणं बरोबर सोडवून पाचव्याला कोरं सोडत नाही. ते पहिल्यापासूनच कोरं सोडतं.

प्रश्न : बाई, मी शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला आहे. मुलगी दहावीत, मराठी माध्यम. नववीला ७४ टक्के होते. तिला सायन्सला जायचंय. एका ठिकाणी पैसे भरून आयक्यू काढून घेतला. ९२ आला. भाषेचा ८४ आणि कृतीचा १०३ असं कागदावर आहे. चाचणी इंग्रजीत होती, अडलं की मॅडम हिंदीत सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, सायन्स झेपणार नाही. मुलगी दोन दिवस जेवली नाही. – एक वडील, शिरोली

उत्तर : दादा, पहिल्यांदा तिला जेवायला घाला.

मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजीत प्रश्न विचारून, हिंदीत सारवासारव करून काढलेला भाषेचा ८४ हा तिच्या बुद्धीचा आकडा नाही. तिला इंग्रजी किती येतं त्याचा तो एक ओबडधोबड अंदाज आहे. कृतीच्या भागात ठोकळे, चित्रं, मांडणी असते. तिथं भाषा कमी लागली आणि आकडा १०३ वर गेला. दोन भागांत १९ गुणांचा फरक दिसतोय तर एकूण ९२ वर बोट ठेवून निकाल द्यायचाच नसतो. शिकलेल्या माणसानं तिथं थांबून विचारायला पाहिजे होतं, हा फरक का?

बुद्ध्यंकात, म्हणजे तुमच्या त्या आयक्यूत, १०० ही त्या वयाची सरासरी धरतात. ९० ते ११० च्या दरम्यान साधारण निम्मी माणसं येतात. म्हणजे ९२ सुद्धा सर्वसाधारणच, आणि पुढच्या आठवड्यात बसवली तर चार-पाच गुण इकडं-तिकडं होतील. आपल्या भाषेत चाचण्या नाहीत असंही नाही. धारवाडच्या डॉ. कामतांनी फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली, नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी बसवली. पुन्हा करायचीच असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून, मराठीत. पण मला विचाराल तर गरज नाही.

ही चाचणी निघाली कशाला, तेही ऐका. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्याबरोबर १९०५ मध्ये पहिली मोजपट्टी तयार केली. शाळेत मागं पडणाऱ्या मुलांना जादा मदत कुणाला लागते, एवढंच शोधायला. मुलाची बुद्धी म्हणजे कायमचा ठरलेला आकडा, हे मत बिनेना मान्य नव्हतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलंय. मदत कुणाला द्यायची हे शोधायचं हत्यार आज दार कुणाला लावायचं त्यासाठी वापरलं जातं. त्या मॅडमनी तेच केलं.

आता मी गोड बोलणार नाही. 'बुद्ध्यंक वगैरे सगळं थोतांड, मेहनत करा' असं सांगणारे भाषणवाले आपल्याकडं पुष्कळ आहेत. ते खरं नाही. चाचण्या आणि मार्क यांची सांगड शून्य ते एक अशा मापात मांडतात. एक म्हणजे तंतोतंत जोडी. जगभरातले २४० नमुने, एक लाखाहून जास्त विद्यार्थी एकत्र धरून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला, तो ०.५४ आला. याचा वर्ग करा: ०.२९. म्हणजे मुलामुलांच्या मार्कांत जो फरक दिसतो त्याचा तीस टक्क्यांच्या आतबाहेरचा वाटा बुद्धीच्या चाचणीशी जोडता येतो. इंग्लंडमध्ये सत्तर हजारांवर मुलांच्या अकराव्या वर्षीच्या चाचण्या आणि सोळाव्या वर्षीची बोर्डाची परीक्षा ताडून पाहिली (२००७), तिथं सगळे विषय आणि सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर ०.८१ इतकी घट्ट सांगड निघाली. हा आकडा मोठाच आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच अभ्यासात गणितातल्या फरकाचा साधारण ५९ टक्के वाटा बुद्धीनं समजावला, चित्रकलेचा १८ टक्केच. आणि बुद्धीच्या चाचणीत मुलगे-मुली बरोबरीला असून परीक्षेत बहुतेक विषयांत मुली पुढं राहिल्या. त्या पुढं का गेल्या, हे मी एकतीस वर्षं वर्गात बघत आलेय: वही पूर्ण असते, पेपर वेळेत संपतो, चुकलेलं पुन्हा लिहिलेलं असतं.

तुमच्या मुलीचा निर्णय कशावर घ्यायचा? नववीच्या ७४ वर नाही. त्यातले गणित-विज्ञानाचे मार्क वेगळे काढा. दोन्हीकडं सत्तरच्या वर असेल आणि तिला स्वतःला आवड असेल तर जाऊ द्या. विज्ञानात पन्नास-पंचावन्न असेल तर डिप्लोमा, आयटीआय किंवा कॉमर्स यांचाही विचार करा. त्यात कमीपणा कसला? तुम्ही स्वतः साच्यात रस ओतता, साचा ओला राहिला तर कास्टिंगला भोकं पडतात हे तुम्हाला पुस्तक न वाचता कळतं. आणखी एक, हे तिलाच वाचून दाखवा: शाळेत एक वर्ष जास्त शिकलं की बुद्ध्यंकच सरासरी एक ते पाच गुणांनी वाढतो, असं सहा लाखांवर लोकांच्या माहितीवरून २०१८ मध्ये दाखवून दिलंय. आकडा ठरवतो शिक्षण, तसंच शिक्षणही ठरवतं आकडा.

प्रश्न : नातवाच्या बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा डावा-उजवा भाग, जन्मजात बुद्धी आणि करिअर सांगतात. सोसायटीत सगळ्यांनी केलं. करावं का? – आजोबा, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : काका, नको. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगण्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. ठसे चोर पकडायला चांगले. त्या पैशात सगळ्या घराला तांबडा-पांढरा होईल आणि वर नातवाची करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणीही निघेल. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, तुम्हीही जात असालच. त्याला बरोबर न्या, पुस्तक त्याला निवडू द्या, भुताचं निवडलं तरी चालेल. घरी येऊन त्यानं गोष्ट तुम्हाला सांगायची आणि तुम्ही मुद्दाम मधेमधे 'मग? का बरं?' विचारायचं. तुमच्या वयाला हे फुकट जमतं.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत आहे. चौथीची मुलं धडा खडाखडा वाचतात आणि प्रश्न विचारला की गप्प. घरात अशुद्ध बोलतात. मुलीसुद्धा 'मी आलो, मी गेलतो' म्हणतात. सारखं शुद्ध करत राहिलं की मुलं बोलेनाशी होतात. केंद्रप्रमुख म्हणतात, पालकच अडाणी, बुद्धीच तेवढी. – एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण राग तिथं आला. 'बुद्धीच तेवढी' हे वाक्य ज्यानं त्या मुलांना पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाहिलंय तो बोलणार नाही. कुठल्या दगडावर पाय द्यायचा, पाणी किती चढलं म्हणजे परतायचं, धाकट्याला कुठल्या बाजूला धरायचं, हे ठरवायला काय लागतं?

आणि 'मी आलो'ला अशुद्ध म्हणू नका. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. मी बी.एड. केलं, गणित शिकवलं, तरी घरात अजून 'मी जरा मंडईत जाऊन येतो' म्हणतो. छापायला देताना 'येते' करते. दोन्ही येतात, कुठं कुठलं वापरायचं ते कळतं, बस्स. तुमच्या मुलींना 'चुकलं' म्हणू नका. 'घरात असं म्हणतो, पुस्तकात कसं लिहिलंय बघूया' म्हणा. दिवसातून दहा वेळा अडवलेलं पोरगं अकराव्यांदा तोंडच उघडत नाही, आणि बोलणं बंद झालं की शब्द वाढायचा रस्ता बंद. तुम्ही हे पत्रात स्वतःच लिहिलंय.

खडाखडा वाचणं आणि गप्प बसणं याचा उलगडा सोपा आहे. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, असं गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं: अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं, गुणिले ती भाषा कानानं ऐकून कळणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य.

म्हणून सोमवारी एवढं करा. धड्याबाहेरचा आठ-दहा ओळींचा एक उतारा मुलानं वाचायचा, मग चार प्रश्न. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवायचा, पुस्तक मिटलेलं, आणि चार प्रश्न. जो स्वतः वाचून अडला पण ऐकून उत्तरं देतो त्याला अक्षरवाचनाचा सराव पाहिजे. जो ऐकूनही अडला त्याला शब्द पाहिजेत, गोष्टी पाहिजेत. दोघांना एकच 'पुन्हा वाच' सांगून उपयोग नाही, आणि आपण वर्षानुवर्षं तेच सांगत आलोय. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमची बहुतेक मुलं दुसऱ्या गठ्ठ्यात निघतील. एखाद-दुसरं पोरगं कदाचित असंही निघेल ज्याला नीट ऐकूच येत नाही. आरोग्य तपासणीत कान बघायला सांगा. माझ्या वर्गात असं एक होतं, दोन वर्षं मी त्याला बावळट समजत होते.

गोष्टी कुठल्या? त्यांच्याच. भातलावणी, गवा शेतात शिरला ती रात्र, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तो दिवस. पोरं त्यांच्या भाषेत सांगतील, तुम्ही फळ्यावर पुस्तकी भाषेत उतरवा आणि दोन्ही मोठ्यानं वाचून घ्या. 'पाणी लई वाढलं' आणि 'पाण्याची पातळी वाढली' यांतलं अंतर त्यांना दिसलं पाहिजे. पातळी हा शब्द पुढं भूगोलात, विज्ञानात, गणितात पंचवीस वेळा येणार आहे. केंद्रप्रमुखांना हे पान दाखवू नका, उगाच तुमची बदली व्हायची.

प्रश्न : बाई, मी कागलची. दहावीला मराठी माध्यमातून ९१ टक्के पडले, गावात बॅनर लागला. अकरावी सायन्सला आले. सर शिकवतात ते समजतं, पण पेपरात लिहिता येत नाही. फिजिक्सला २५ पैकी ८. मैत्रिणी इंग्लिश मीडियमच्या आहेत, त्या सहज लिहितात. मी हुशार नव्हतेच का? बॅनरकडं बघवत नाही. – अकरावीतली मुलगी

उत्तर : बाळ, बॅनर पावसानं फाटेल, त्याची काळजी करू नकोस.

तुझं पोहणं बिघडलेलं नाही, पाणी बदललंय. कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांवर काम करणाऱ्या जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक गोष्ट मांडली. नव्या भाषेत गप्पा मारायला मुलं साधारण दोन वर्षांत शिकतात; त्याच भाषेत अभ्यास करायला, कारण द्यायला, पेपर लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. तू जूनपासून किती महिने मोजलेस? आणि सरांचं तुला समजतं, कारण आपल्याकडं सर बोलतात मराठीत आणि फळ्यावर लिहितात इंग्रजीत. मधला पूल तुझा तू बांधायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

तू पेपरचा फोटो पाठवलास तो भिंग घेऊन बघितला. दुसरा प्रश्न 'डिस्टिंग्विश' म्हणून सुरू होतो: स्पीड आणि व्हेलॉसिटी. तू दोन्हीच्या व्याख्या एकाखाली एक लिहिल्यास. बरोबर लिहिल्यास. पण फरक मागितला होता. दहावीत 'फरक स्पष्ट करा' आलं असतं तर मधे रेघ मारून 'चाल' आणि 'वेग' समोरासमोर मांडले असतेस: एकाला दिशा नाही, दुसऱ्याला आहे, एकाला कापलेलं अंतर लागतं, दुसऱ्याला विस्थापन. चौथ्या प्रश्नात 'जस्टिफाय' होतं, तू सूत्र लिहून सोडून दिलंस. तिथं 'कारण द्या' एवढंच हवं होतं. आठपैकी पाच प्रश्नांत तुला भौतिकशास्त्र येत होतं आणि प्रश्नाचं पहिलं क्रियापद आलं नाही. ही क्रियापदं मोजून पंधरा-वीस आहेत. स्टेट, डिफाइन, डिराइव्ह, डिस्टिंग्विश, जस्टिफाय, कंपेअर. एका पानावर लिही, समोर मराठी आणि त्याला उत्तर कसं दिसायला पाहिजे तेही. 'स्टेट' म्हणजे नुसतं सांग, सिद्ध करत बसू नकोस. 'डिराइव्ह' म्हणजे पायरी-पायरीनं काढ.

दहावीची मराठी पुस्तकं रद्दीत घातली नसशील तर बरं. नवा धडा सुरू होण्याआधी नववी-दहावीतला त्याच विषयाचा धडा मराठीत वाच. जडत्व, संवेग, त्वरण हे शब्द तुझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्या शेजारी इंग्रजी शब्द बसव. मग दिवसाला एकच उत्तर, पाच ओळींचं, आधी तोंडानं मराठीत बोलून आणि मग इंग्रजीत लिहून. इंग्रजी वाक्यं आखूड ठेव. मैत्रिणींच्या वाक्यांसारखी लांबलचक वाक्यं कर, असं कुणी सांगितलेलं नाही. परीक्षकाला मुद्दा दिसला की तो मार्क देतो. मी पेपर तपासलेत, शंभरावा गठ्ठा उघडलेल्या माणसाला आखूड वाक्यं किती आवडतात ते मला विचार.

एक धोका आहे तो सांगते. बिघडलेल्या पहिल्या पेपरानंतर हुशार मुली पाठांतराकडं वळतात. अख्खंच्या अख्खं उत्तर घोकायचं. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे, त्यामुळं सहामाहीला ते चालूनही जाईल आणि बारावीला गळ्याशी येईल. घोकायचीच असतील तर ती पंधरा-वीस क्रियापदं घोक.

पहिल्या महिन्यातली पानं गचाळ होणार. तीच मासिकाच्या पत्त्यावर पाठव, फेअर करून पाठवू नकोस. 'कारण द्या'चं पान वर ठेव, मला ते आधी बघायचंय.